हायमेनडॉर्फ : पाहणाऱ्याचे ऋण

मुदखेडहून निघणारा लोहमार्ग भोकर, हिमायतनगर, इस्लापूर अशी ठाणी घेत किनवटकडे जातो आणि पुढे आदिलाबादला पोहोचतो. हा प्रवास मराठवाड्यातील मंडळींना परिचयाचा आहे. परंतु या मार्गाच्या पूर्वेला जे डोंगराळ रान पसरलेले आहे, त्यात शतकानुशतके वस्ती करून असलेल्या राजगोंड, कोलाम, परधान, नाईकपोड या समाजांचा परिचय आपल्याला कितपत आहे, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे. त्याहून खेदाची गोष्ट अशी, की या समाजांचे विसाव्या शतकातील सर्वांत तपशीलवार चित्रण आणि लेखन ज्याने केले, त्याचे नाव रानातल्या गोंडाला ठाऊक आहे आणि तालुक्याच्या गावच्या सुशिक्षिताला नाही. ख्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ते नाव. १९९५ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले. या गोष्टीलाही आता तीन दशके उलटून गेली आहेत.

हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ मध्ये व्हिएन्ना येथे एका उमराव घराण्यात झाला. त्यांच्या बालपणीच ऑस्ट्रियाचे साम्राज्य लयास गेले होते, मात्र व्हिएन्ना विद्यापीठाची विद्वत्परंपरा शाबूत होती. तेथे हाइने-गेल्डर्न यांच्यासारख्या पंडितांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मानववंशशास्त्राचे अध्ययन केले आणि आसाम व ब्रह्मदेशातील डोंगरी जमातींच्या समाजरचनेवर प्रबंध लिहून वयाच्या बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळविली. हा प्रबंध ग्रंथालयात बसून लिहिलेला होता. पुढे लंडनमध्ये मॅलिनोव्हस्की यांच्या वर्गात बसण्याचा योग आला. लोकांमध्ये जाऊन राहावे, त्यांची भाषा शिकावी आणि मगच त्यांच्याविषयी लिहावे, हा धडा त्यांनी तेथे घेतला आणि तो जन्मभर पाळला.

१९३६ साली ते कोन्याक नागांच्या मुलखात गेले. वाकचिंग या गावी त्यांनी जवळजवळ वर्षभर मुक्काम केला. वही आणि कॅमेरा ही त्यांची साधने होती. कॅमेरा केवळ स्थिर छायाचित्रांचा नव्हता, त्यांच्याजवळ चलच्चित्रांचाही होता. याच वर्षी सरकारने सरहद्दीपलीकडील पांग्शा गावावर शिक्षेची मोहीम काढली, तेव्हा जे. पी. मिल्स या अधिकाऱ्याबरोबर हा तरुण संशोधकही सैन्याच्या तुकडीसोबत चालला. ज्या लोकांचे जीवन समजून घ्यावयाचे त्यांच्याच एका गावावर चाल करून जाणाऱ्या बंदुकांच्या मागे त्याने उभे राहावे, ही विसंगती लपवून ठेवण्यासारखी नाही. त्या काळातील मानववंशशास्त्र हे साम्राज्याच्या छत्राखाली वाढलेले शास्त्र होते. हायमेनडॉर्फ यांच्या चरित्राचे मोल समजून घ्यावयाचे असेल, तर त्याचा आरंभ या ठिकाणाहून झाला हे लक्षात ठेवले पाहिजे.

१९३९ मध्ये ते पत्नी बेटी यांच्यासह पुन्हा हिंदुस्थानात आले आणि महायुद्ध पेटले. हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यामुळे त्यांच्या हाती जर्मन पारपत्र होते. म्हणजे ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. नागा टेकड्यांची वाट बंद झाली. वरिष्ठ अधिकाऱ्यांशी असलेल्या परिचयामुळे तुरुंगवासाऐवजी हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहून काम करण्याची मुभा त्यांना मिळाली. एका अर्थाने निजामाचे राज्य हाच त्यांचा तुरुंग झाला. परंतु या तुरुंगात नल्लमलाईचे अरण्य होते, गोदावरीचे खोरे होते आणि आदिलाबादचे डोंगर होते. कृष्णेच्या काठी कंदमुळांवर व शिकारीवर जगणारे चेंचू, गोदावरीच्या दरीतील कोंडा रेड्डी आणि आदिलाबादचे राजगोंड या तीन समाजांवर त्यांनी अवघ्या काही वर्षांत मोठे ग्रंथ सिद्ध केले. चेंचूंवरील ग्रंथ १९४३ मध्ये, रेड्ड्यांवरील १९४५ मध्ये आणि राजगोंडांवरील १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

आदिलाबादेत त्यांना कोणत्या कारणाने धाडण्यात आले, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. जंगल खात्याने राखीव वनांच्या हद्दी आखल्या, त्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली रानशेती गेली. जी जमीन गोंड कसत होता ती सरकारी दप्तरी शिवाय-जमाबंदी म्हणून दाखल होती. पट्टा नव्हता, म्हणून हक्क नव्हता. मैदानातून येणारा सावकार, शेतकरी किंवा देशमुख तालुक्याच्या कचेरीत जाऊन तीच जमीन आपल्या नावे करून घेई आणि गोंडाला आपल्याच शेतात मजूर व्हावे लागे. वनरक्षकाला आणि पटवाऱ्याला द्यावयाची भेट हा जणू दुसरा सारा होऊन बसला होता. या अन्यायाविरुद्ध कुमराम भीम उभे राहिले. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे अनेक साथीदार मारले गेले. बंड मोडल्यावर निजाम सरकारला बंडाच्या कारणांचा शोध घेण्याची गरज भासली आणि त्या कामी हायमेनडॉर्फ यांची योजना झाली. ज्या प्रश्नाने भीमांचा बळी घेतला, त्याच प्रश्नाने या परदेशी विद्वानाला गोंडांच्या दारात आणून सोडले.

मारलवाई हे उटनूरच्या परिसरातील लहानसे गोंड खेडे आहे. आज ते तेलंगणातील कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. १९४१ पासून हायमेनडॉर्फ दांपत्याने येथे गोंडांच्या घरासारखेच घर बांधून वस्ती केली. बेटी या नुसत्या सोबतीण नव्हत्या. नोंदी ठेवणे, कुटुंबांची माहिती जमविणे, स्त्रियांशी बोलणे यात त्यांचा मोठा वाटा होता. या मुलखातील गोंडांची मातृभाषा गोंडी असली, तरी बाजारहाटाची व परक्यांशी बोलण्याची त्यांची भाषा बव्हंशी मराठी होती. गोंडांच्या वंशकथा किंगरीच्या साथीवर गाणारे परधान तर घरी मराठीच बोलत आणि यजमानांसमोर गोंडीत गात. चार, पाच, सहा व सात भावांच्या शाखांमध्ये विभागलेली गोंडांची कुळव्यवस्था, पेर्सा पेन या कुलदेवतेची उपासना, केसलापूरची नागोबाची जत्रा, दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे मुकुट घालून गावोगाव फिरणारे दंडारीचे गुसाडी, या सर्वांची नोंद त्यांनी जशी लिहून ठेवली तशीच ती छायाचित्रांतही टिपली.

या ठिकाणी त्या काळातील चित्रणाविषयी दोन शब्द सांगणे उचित होईल. वन्य समाजांचे चित्रपट काढण्याची प्रथा जगात नवी नव्हती. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी १९२२ मध्ये एस्किमोंच्या जीवनावर काढलेला नानूक हा चित्रपट जगभर गाजला. परंतु त्यातील कित्येक प्रसंग मुद्दाम रचलेले होते आणि सोडून दिलेल्या जुन्या पद्धती कॅमेऱ्यासाठी पुन्हा करवून घेतल्या होत्या. आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये स्वीडनच्या आर्ने सक्सडॉर्फ यांनी मुरिया गोंडांवर चित्रपट काढला आणि १९५७ साली तो प्रदर्शित झाला. त्यातील बालनायक चेंदरू हा वाघाच्या बछड्याबरोबर खेळताना पडद्यावर जगाने पाहिला. चित्रीकरण संपले, पाहुणे परत गेले आणि चेंदरू पुन्हा आपल्या गावच्या गरिबीत राहिला. २०१३ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांना त्याची आठवण झाली. दिग्दर्शकाच्या कलेविषयी कोणी शंका घेणार नाही. पण ज्याच्या चेहऱ्यावर चित्रपट उभा राहिला त्याच्याशी त्या चित्रपटाचे नाते किती काळ टिकले, हा प्रश्न उरतोच.

हायमेनडॉर्फ यांचे चित्रण या दोहोंहून निराळ्या जातीचे होते. ते कलावंत नव्हते आणि चित्रपटगृहासाठी कथा रचण्याचा त्यांना सोस नव्हता. सोळा मिलिमीटरच्या फितीवर ते नांगरणी, बाजार, विवाह, अंत्यविधी, नृत्य असे जे समोर घडे ते टिपीत. पुढे आपातानी, शेर्पा आणि नेपाळमधील इतर समाजांवरही त्यांनी पुष्कळ चित्रण केले. त्यांच्या संग्रहातील फीत सुमारे शंभर तासांची भरते, छायाचित्रे तर हजारांनी मोजावी लागतात. हा ठेवा लंडनच्या प्राच्यविद्या व आफ्रिकाविद्या संस्थेत जतन झालेला आहे आणि त्यातील काही भाग आता संगणकावरही पाहावयास मिळतो. कथानक नाही, नाट्य नाही, म्हणून सामान्य प्रेक्षकाला ही चित्रे कदाचित रूक्ष वाटतील. परंतु आपल्या आजोबाने नांगर कसा धरला होता हे ज्याला पाहावयाचे आहे, त्याला या रूक्षतेचीच किंमत अधिक.

तथापि हायमेनडॉर्फ केवळ टिपून थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. पाहणाऱ्यावर पाहिलेल्याचे ऋण असते, ही जाणीव त्यांना मारलवाईत झाली असे म्हणावयास हवे. १९४३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंड मुलांना गोंडीतून शिक्षण द्यावयाचे, त्यासाठी गोंड तरुणांनाच शिक्षक करावयाचे, असा हा उपक्रम होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू असताना गोंडीची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली. मराठीमुळे या मुलखात बाळबोध लिपीशीच लोकांचा परिचय होता, हे त्यामागील कारण. आपल्या भाषेच्या लिपीने शेजारच्या एका भाषेला अक्षर दिले, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे आणि आपल्या शालेय पुस्तकांत तिचा उल्लेखही नाही.

मधल्या काळात १९४४–४५ मध्ये सरकारने त्यांना ईशान्य सीमेवरील सुबनसिरी खोऱ्यात पाठविले. तेथून परतल्यावर ते निजाम सरकारचे आदिवासी व मागासवर्गीयांविषयीचे सल्लागार झाले. उस्मानिया विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. फसली १३५६ म्हणजे १९४६ च्या सुमारास आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र विनियम झाला आणि जमिनीचे पट्टे देण्याच्या कामाला वेग आला. १९४९ पर्यंत अकरा हजारांहून अधिक आदिवासी शेतकऱ्यांना मिळून सुमारे १,६०,००० एकर जमीन देण्यात आली. हे श्रेय एकट्या हायमेनडॉर्फ यांचे नव्हे. सल्लागाराने अहवाल लिहावा आणि तो दप्तरात धूळ खात पडावा, हा आपल्याकडील नित्याचा अनुभव आहे. तसे येथे झाले नाही, कारण अंमलबजावणी करणारे अधिकारी त्या तोलाचे होते. त्यांत अग्रभागी होते सेतुमाधवराव पगडी. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु निलंग्यात जन्मलेल्या या मराठवाड्याच्या सुपुत्राने आदिलाबादेत आदिवासींसाठी विशेष अधिकारी म्हणून काम केले, गोंडी व कोलामी या भाषा आत्मसात केल्या आणि त्यांची व्याकरणे लिहिली, हे फार थोड्यांना माहीत असते. व्हिएन्नाचा पंडित आणि निलंग्याचा अधिकारी एका रानात एकाच कामासाठी राबले, याला योगायोगापेक्षा अधिक मोठे नाव दिले पाहिजे.

हायमेनडॉर्फ यांच्यावर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेही गेले. पहिला आक्षेप मराठवाड्याच्या मनात सहज उमटणारा आहे. ज्या वर्षांत स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली निजामी सत्तेविरुद्ध लढा चालू होता, ज्या जानेवारी १९४८ मध्ये भोकरच्या शेजारी उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी हस्तगत केली, त्याच वर्षांत हे गृहस्थ निजामाच्या नोकरीत होते. हे खरे आहे. राज्यसत्तेच्या स्वरूपाविषयी त्यांनी संघर्षाची भूमिका घेतली नाही. आपल्या कामापुरते त्यांनी सत्तेला राबवून घेतले. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्येच आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की आदिवासींना वेगळे काढून जपण्याची कल्पना घातक आहे, ते हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग आहेत आणि एकरूपता हाच त्यांचा मार्ग आहे. व्हेरियर एल्विन यांच्याशी या प्रश्नावर झडलेला वाद प्रसिद्धच आहे. हायमेनडॉर्फ संरक्षणाच्या बाजूचे होते आणि त्यांच्या लेखनात पालकत्वाचा सूर अधूनमधून जाणवतो. आपल्या हिताचा विचार गोंड स्वतःच करू शकतात, यापेक्षा चांगला अधिकारी तो करील, या गृहीतावर त्यांची योजना उभी होती. अधिकारी बदलला की योजना कोसळणार, ही त्या गृहीतातील उणीव होती.

आणि नेमके तसेच घडले. १९४९ मध्ये ते लंडनला अध्यापनासाठी गेले. १९५१ पासून १९७६ पर्यंत ते तेथे आशियाई मानववंशशास्त्राचे प्राध्यापक होते. इकडे १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल नांदेडच्या बाजूला, म्हणजे मुंबई राज्यात आले, राजुरा पुढे चांद्याला जोडला गेला आणि उरलेला जिल्हा आंध्रात राहिला. मराठी आणि तेलुगू भाषकांना आपापली राज्ये मिळाली. गोंडी भाषकांचा मात्र कोणी विचार केला नाही. एकाच कुळातील, एकाच जत्रेला जाणारी, परस्परांत सोयरीक करणारी माणसे दोन राज्यांत वाटली गेली. पलीकडे मुलांवर तेलुगू आली, अलीकडे मराठी. देवनागरीतील गोंडी वाचनपुस्तके दोन्हीकडे विस्मरणात गेली. भाषावार प्रांतरचनेसाठी झगडलेल्या आपण मंडळींनी या बाजूचाही विचार करावयास हवा होता.

निवृत्तीनंतर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हायमेनडॉर्फ पुन्हा आपल्या जुन्या क्षेत्रात आले. जे पट्टे त्यांच्या डोळ्यांदेखत वाटले गेले होते, त्यांतील पुष्कळ जमिनी बिगरआदिवासींच्या हाती गेलेल्या त्यांना दिसल्या. रस्ते झाले, कापसाचा पैसा आला आणि महाराष्ट्राच्या बाजूने व आंध्रच्या सखल भागातून जमिनीच्या शोधात माणसे आली. कायद्याने हस्तांतरास बंदी होती, पण कायदा कागदावर होता. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता, लोक त्याहून पुष्कळ मोठा सांगतात. भीमांच्या मृत्यूला तेव्हा चार दशके होऊन गेली होती आणि प्रश्न तोच होता. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील आदिवासींच्या अस्तित्वसंघर्षावरील आपल्या ग्रंथात हायमेनडॉर्फ यांनी ही सारी परवड आकडेवारीनिशी मांडली. आपल्या तरुणपणीच्या कामाचा पराभव उतारवयात स्वतःच नोंदविण्याचे धैर्य सर्वच विद्वानांजवळ नसते.

१९८७ मध्ये बेटी यांचे हैदराबाद येथे निधन झाले, तेव्हा त्यांना मारलवाईच्या भूमीतच विसावा देण्यात आला. हायमेनडॉर्फ यांच्या अस्थीही पुढे तेथेच आणण्यात आल्या. दरवर्षी गोंड बांधव त्या समाध्यांपाशी जमतात. याच मारलवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जो नृत्यप्रकार आठ दशकांपूर्वी एका परदेशी माणसाने नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेचा मानला, त्याला देशाने मान दिला. परंतु मान वेगळा आणि जमीन वेगळी, हे गोंडांना कोणी शिकविण्याची गरज नाही.

या चरित्रातून आपण काय घ्यावयाचे? आपल्याकडे १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा आहे, किनवट परिसरातील गावांना अनुसूचित क्षेत्राचे संरक्षण आहे, किनवटला आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे. या तरतुदींचा गावोगाव प्रत्यक्ष किती उपयोग झाला, याची पाहणी करणे हे काम लंडनहून कोणी येऊन करावयाचे नाही. ते नांदेड, भोकर, किनवटच्या महाविद्यालयांतील अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे आहे. सातबाराचे उतारे कचेरीत आहेत आणि ते ज्यांच्या नावे होते त्यांची नातवंडे आपल्याच वर्गांत बसलेली आहेत.

दुसरे काम याहून सोपे आहे. हायमेनडॉर्फ यांच्या संग्रहातील गोंड व कोलामांची छायाचित्रे आणि चित्रफिती नांदेडच्या विद्यापीठाने मिळवाव्यात, किनवट-माहूरच्या आश्रमशाळांत त्या दाखवाव्यात आणि वृद्धांना बोलावून त्यांतील माणसे, जागा व विधी यांची नावे लिहून घ्यावीत. त्या काळात तरुण असलेले आज क्वचितच हयात असतील. त्यांच्याकडून ऐकून ज्यांनी हे सारे लक्षात ठेवले, तेही आता सत्तरीपलीकडे आहेत. आणखी दहा वर्षांनी फीत शिल्लक राहील, पण तिच्यातील चेहऱ्यांना नाव सांगणारे कोणी राहणार नाही. गोंडीचे एखादे प्राथमिक पुस्तक देवनागरीत पुन्हा छापणे हेही एखाद्या जिल्हा परिषदेच्या आवाक्याबाहेरचे नाही. हे १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, एका संस्थानी राजवटीत होऊ शकले. लोकराज्यात ते का होऊ नये, याचे उत्तर आपण द्यावयाचे आहे.